बंद न झालेल्या फायली

"कोणत्या तारखेपासून?"

गिरामबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी अभिलेख कक्षाच्या दारात उभा होतो. खांद्याला लॅपटॉप, हातात कामाचं पत्र. जुन्या फायलींसाठी सॉफ्टवेअर तयार करायला मला घेतलंय, एवढं मी सांगितलं होतं. बाईंनी मान वर केली नव्हती. त्या जमिनीवर मांडी घालून एका गठ्ठ्याचं लाल फडकं सोडत होत्या.

"आजपासूनच," मी म्हणालो.

"आजची तारीख पत्रावर हाय का?"

मी पत्र बघितलं. तारीख चार दिवसांनंतरची होती.

"मग चार दिसांनी या. तोवर तुमी पाहुणे. पाहुन्याला फायलींचा बस्ता सोडून दावत न्हाई मी."

आणि खरंच, ते चार दिवस त्यांनी मला चहा पाजला, पण एका फायलीला हात लावू दिला नाही.

हे परभणीतल्या एका सरकारी कार्यालयातलं. कोणत्या ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. माझं शिक्षण इथलंच. मधली काही वर्षं पुण्यात कंपनीत काढून मी परत आलो होतो, आणि मिळेल ते कंत्राटी काम घेत होतो. कार्यालय नव्या इमारतीत जाणार होतं. वरून हुकूम होता की मुदत संपलेलं दप्तर तिकडे न्यायचं नाही. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा याचे नियम जुनेच होते. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ड वर्ग म्हणजे काम संपल्यावर वर्षभराने नष्ट करायचं, आणि मधले वर्ग मधल्या मुदतींचे. नियम सगळ्यांना पाठ होते, पण ते लावून बघितले होते फक्त गिरामबाईंनी.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. चष्म्याला दोरा, कमरेला धूळ पुसायचं फडकं खोचलेलं. रोज ताडकळसहून बसने यायच्या. त्यांचे यजमान मुंजाजी याच कार्यालयात लिपिक होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि बाई त्यांच्या जागी अनुकंपावर शिपाई म्हणून लागल्या. परीक्षा देऊन लिपिक झाल्या, आणि मग स्वतः अर्ज करून अभिलेख कक्ष मागून घेतला. त्या खोलीत लोकांना शिक्षा म्हणून पाठवत. बाईंनी ती मागितली म्हणून आस्थापनेवरचे लोक बरेच दिवस बुचकळ्यात होते. निजामाच्या काळातले कागद वाचता यावेत म्हणून त्या एका निवृत्त कारकुनाच्या घरी जाऊन उर्दू शिकल्या. "वाचता येती, बोलता येत न्हाई," त्या म्हणायच्या. "तशी बोलायला हाय कोन इथं."

त्यांची बोलण्याची एक पद्धत होती. कोणी तावातावाने काही सांगायला आलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "तारीख सांगा, मग बोला." बहुतेकांचं तिथेच थांबायचं.

माझा प्रोग्राम साधा होता. प्रत्येक फायलीचा क्रमांक, विषय, वर्ग, शेवटच्या कागदाची तारीख आणि फाइल बंद झाल्याची तारीख भरायची. त्यावरून नष्ट करण्याची तारीख प्रोग्राम काढणार आणि यादी छापणार. खरी अडचण माणसांची होती. वर्ग ठरवायचा होता त्या त्या शाखेने, आणि शाखांना ते नको होतं. म्हणून बाई मला घेऊन एकेका शाखेत जाऊन बसू लागल्या.

बांधकाम शाखेतल्या एका लिपिकाने घाबरून सगळ्या फायलींना अ वर्ग दिला होता. जीपच्या डिझेलच्या वह्यासुद्धा कायमच्या.

"ह्या कामून ठेवायच्या?" बाईंनी विचारलं.

"उद्या कोणी मागितलं तर, बाई?"

"कोन मागल?"

"कोणीही."

"ती जीप भंगारात जाऊन किती वर्षं झाली? डायवर कुठं हाय?"

"वारला तो."

"मंग मागल कोन ते सांगा. नाव सांगा."

बाईंनी स्वतःच्या हाताने अ खोडून ड लिहिलं आणि शेजारी त्याची सही घेतली. शेजारच्या शाखेत उलटं होतं. तिथल्या माणसाने कंटाळून सगळ्यालाच ड ठोकला होता, त्यात सेवापुस्तकंही होती. बाईंनी त्यातलं एक उघडून त्याच्यापुढे ठेवलं. ते त्याच्याच शिपायाचं होतं. शिपाई तिथेच पाणी भरत होता. "ह्येला पुढच्या साली पेन्शन लागंल," बाई म्हणाल्या. "तवा तुमी ह्येला काय देनार?" त्या माणसाने त्या दिवशी सगळी यादी पुन्हा केली.

त्यामुळे बाई जुने कागद कवटाळून बसणाऱ्या होत्या असं कोणी समजू नये. मुदत संपलेला कागद त्यांच्या खोलीत एक दिवस जास्त राहत नसे. एकदा आम्ही किरकोळ रजेच्या अर्जांचे गठ्ठे तपासत होतो. मी वर्षं वाचत होतो, त्या मान हलवत होत्या. एका गठ्ठ्यात एकाच हस्ताक्षरातले बरेच अर्ज निघाले. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. खाली सही होती, मुं. रा. गिराम.

मी थांबलो. बाईंनी अर्ज हातात घेतला आणि वाचला. मुलीला ताप असल्याने एक दिवसाची रजा मिळावी, असं काहीसं होतं.

"एखादा ठेवा, बाई," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळंल की." त्यांनी तो अर्ज बाकीच्यांवर सरळ करून ठेवला. "ड वर्ग. पुढचं वाचा."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. एवढंच.

आता माझ्या चुकीकडे यावं लागेल.

फाइल नुसती जुनी झाल्याने बंद होत नाही. तिच्यातलं काम संपलं की अधिकारी शेवटच्या पानावर 'प्रकरण बंद' असा शेरा मारतो आणि तारीख टाकतो. मुदत त्या तारखेपासून मोजायची. हे बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, आणि मी प्रोग्राम तसाच लिहिला होता. बंद दिनांक रिकामा असेल तर नोंद पुढे जात नसे. पण हजारो फायलींवर तो शेराच नव्हता. नोंदी अडकल्या, माहिती भरायला घेतलेली मुलंमुली थांबली, आणि इमारत सोडायचा दिवस जवळ येऊ लागला.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. रोज त्यांना वरून फोन येत होता आणि रोज ते झालेल्या फायलींचा तोच आकडा सांगत होते.

"तुमचं सॉफ्टवेअर काम करण्यासाठी आहे की अडवण्यासाठी?" त्यांनी विचारलं. "काहीतरी मार्ग काढा."

मी मार्ग काढला. चार ओळी लिहिल्या. बंद दिनांक रिकामा असेल तर फायलीतल्या शेवटच्या कागदाची तारीख हीच बंद दिनांक धरावी. संध्याकाळपर्यंत अडकलेल्या सगळ्या नोंदी पुढे सरकल्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली. बाईंना मी काही बोललो नाही. सांगितलं तर त्या नाही म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

नष्ट करायची यादी छापून झाली. जाड बाड होतं. शाखाप्रमुखांनी सह्या केल्या, बाईंनी केली, साहेबांनी केली. जाहीर सूचना लागली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कागदाचा लगदा व्हायचा होता.

ट्रक आला त्या दिवशी सकाळपासून ऊन तापलेलं होतं. पहिली खेप साडेदहाला गेली. दुसरी भरत होती. बाई दाराशी खुर्ची टाकून यादीवर खुणा करत होत्या. मी सावलीत उभा होतो. एकाएकी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत मागे आल्या, परत पुढे गेल्या.

"भाऊ, इकडं या."

मी गेलो. पुनर्वसन शाखेच्या किरकोळ अर्जांचं पान होतं. त्यांनी दोन रकान्यांवर बोट ठेवलं. शेवटच्या कागदाची तारीख आणि बंद दिनांक. प्रत्येक ओळीत दोन्ही तारखा एकच होत्या.

"अर्ज आल्या दिवशीच बंद झाला? सगळेच्या सगळे?"

मला त्या चार ओळी आठवल्या.

बाई उठल्या. ट्रकच्या फळीवर पाय देऊन वर चढल्या, हमालाला बाजूला करून एक गठ्ठा ओढला आणि तिथेच सोडला. वरचीच फाइल उघडली. एकच अर्ज, त्याला लावलेलं एक पत्र, आणि मागे कोरं पान. शेरा नाही. दुसरी उघडली. तसंच. तिसरी.

अर्ज बोरीच्या पुढच्या एका गावातले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथलं निम्मं गावठाण एका साठवण तलावात गेलं आणि लोकांना वर माळावर घरासाठी भूखंड मिळाले. घरांची मोजणी झाली ती हिवाळ्यात, आणि त्या हिवाळ्यात काही कुटुंबं ऊस तोडायला गेली होती. दाराला कुलूप होतं म्हणून त्यांची नावं यादीत लागली नाहीत. परत आल्यावर प्रत्येकाने अर्ज दिला. कोणीतरी ते 'किरकोळ' म्हणून बांधून ठेवले. त्यांना हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

बाई खाली उतरल्या. हमालांना म्हणाल्या, "थांबा. आता एकबी वर टाकू नका." मग टेबलावरची मूळ यादी घेतली, स्वतःच्या सहीखाली लिहायला लागल्या. मी वाकून वाचलं. 'या यादीतील बंद दिनांक खरे नाहीत. मी माझी सही मागे घेत आहे.' खाली तारीख, वेळ आणि पुन्हा सही.

साहेब पायऱ्या उतरून येईपर्यंत अर्धं ऑफिस आवारात जमलं होतं.

"काय चाललंय, गिरामबाई? सही मागे घेता येते का कुठे?"

"येती का न्हाई ते म्हाईत न्हाई, साहेब. मी घेतली."

"तुम्ही वाचून केली होती ना सही?"

"वाचून केली. चुकले. आधी ह्ये दिसायला पायजे होतं मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ट्रक रिकामा करावा लागतो."

"उद्या इमारत सोडायचीय आपल्याला. कोणाच्या सांगण्यावरून रिकामा करू? शाखेने माहिती दिली, शाखेने सही केली. चूक असेल तर शाखेची."

पुनर्वसन शाखेचा लिपिक मागे उभा होता. नव्यानेच लागलेला माणूस. त्याने ते रकाने रिकामे सोडले होते आणि ते बरोबर होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ह्या तारखा कुठून आल्या?"

मला अजून तो क्षण आठवतो. उत्तर द्यायला सोपी वाट होती. डेटा भरणाऱ्यांनी भरल्या असतील, तपासतो, एवढं म्हटलं असतं तर दिवस निघून गेला असता. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. बाईंनाही बहुधा कळलं होतं. पण त्या थांबल्या. त्यांनी मला सुचवलं नाही की सोडवलं नाही.

"प्रोग्रामने घातल्या," मी म्हणालो. "मी तसं लिहिलं. शाखेने रकाने रिकामे ठेवले होते."

"कवा लिहिलं?"

मी तारीख सांगितली.

त्यांनी ती यादीवर लिहून घेतली. मला त्या वेळी त्यांचा राग आला, हे खरं सांगतो. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "पैली खेप गेलीय. जीप द्या, साहेब. नाय तर मी रिक्षानं जाते."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग ड्रायव्हरला हाक मारली.

जीपमध्ये बाई पुढे, मी मागे. वाटेत मी कारखान्याला फोन लावत होतो. कोणी उचलत नव्हतं. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे आम्ही थांबलो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "फोन लावा."

आम्ही पोचलो तेव्हा हौदात पाणी भरलेलं होतं आणि दोन माणसं फडकी सोडून गठ्ठे आत ढकलत होती. बाईंनी चपला काढल्या आणि सरळ ढिगाकडे गेल्या. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचत एकेक बाजूला टाकू लागल्या. "ह्यो आपला. ह्यो आपला. ह्यो जाऊ द्या." मुदत खरोखर संपलेले गठ्ठे त्या पायाने हौदाकडे सरकवत होत्या, तेही त्या घाईत. मी बाजूला काढलेले मोजत होतो. पुनर्वसनाचे पाच गठ्ठे यादीत होते. दोन ट्रकवर राहिले होते. दोन ढिगात सापडले. पाचवा सापडला नाही.

हौदाच्या कडेला एक लाल फडकं वाळत पडलं होतं. त्याला चिकटलेल्या चिठ्ठीवर त्या पाचव्या गठ्ठ्याचा क्रमांक होता.

बाईंनी ते फडकं उचललं, घडी केलं आणि त्या कठड्यावर बसल्या. पाण्यात फिरणाऱ्या पांढऱ्या चिखलाकडे त्या बघत होत्या. त्यांचा एक पाय खिळ्याने कापला होता. मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी पाय धुतला, मग म्हणाल्या, "आवक नोंदवहीत नावं असतील. ती वही अजून हाय आपल्याकडं. चला."

पुढचं थोडक्यात सांगतो. बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी तीन ओळींत उत्तर दिलं. यादी नीट न तपासता सही केली, ही चूक मान्य आहे. चूक कळल्यावर सही मागे घेतली. पुन्हा असा प्रसंग आल्यास हेच करीन. मीही माझं लेखी म्हणणं दिलं. नोकरीचं शेवटचं दीड वर्ष उरलं असताना बाईंची एका तालुक्याच्या कार्यालयात बदली झाली. ताडकळसहून रोज दोन बस बदलाव्या लागायच्या. साहेबांनी बदलीच्या आदेशावर सही केली आणि त्याच आठवड्यात ते अर्ज सुनावणीला घेण्याच्या आदेशावरही केली. मला वाटतं दोन्ही त्यांनी मनापासून केलं.

जाण्याआधी बाई माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि त्या चार ओळी माझ्याकडून काढून घेतल्या. त्या जागी काय दिसावं तेही त्यांनीच सांगितलं. 'बंद दिनांक नाही. फाइल चालू समजावी.' मी ते टाइप केलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"आता कुनी मार्ग काढा म्हनलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुम्हाला फोन करीन."

"मला नगं. तुमीच न्हाई म्हना."

माझ्या मनाला लागेल असं त्या बोलल्या, ते तेवढं एकच.

सुनावणी गावातच झाली, शाळेच्या व्हरांड्यात. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या रजा टाकून आल्या होत्या आणि भिंतीला टेकून मागे उभ्या होत्या. वाचलेल्या चार गठ्ठ्यांतले अर्ज एकेक करून पुकारले गेले. माणसं पुढे येत होती, अंगठे उठत होते. एक म्हातारी आपला अर्ज हातात घेऊन उलटासुलटा बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कोपऱ्यातला स्वतःचा अंगठा तिने ओळखला.

दुपारी एक माणूस टेबलाशी आला. चाळिशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याच्या वडिलांचा अर्ज होता म्हणाला. मी नाव टाकलं. नोंद होती. गठ्ठा पाचवा होता.

मी पडदा अधिकाऱ्यांकडे वळवला. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "अर्ज दिसत नाही. पुढचा."

"दिल्ता की, साहेब. बापानं दिल्ता. पोच व्हती, ती घरासंगं भिजली."

"कागद नसेल तर काय करणार?"

बाई भिंतीपासून पुढे आल्या. त्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा अर्ज आमच्याकडून गेला. तुमच्या बापाची काई चूक न्हाई. आमची हाय."

अधिकारी काही म्हणणार होते, ते थांबले. तो माणूस बाईंकडे बघत होता. चिडावं की काय करावं, हे त्याला कळत नव्हतं.

"गेला म्हंजी?"

"लगद्यात गेला. पर आवक वहीत नोंद हाय, मी नक्कल आनली. आता तुमी सांगा, मी तुमचा जबाब लिवते. त्यावर माझी सही ऱ्हाईल."

त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगतो. आठ-नऊ महिने गेले, दोनदा तारीख पडली, आणि शेवटी त्या जबाबावर आणि नोंदवहीच्या नकलेवर त्याचा भूखंड मंजूर झाला. पाचव्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांचं मात्र तसं झालं नाही. दोन कुटुंबं गाव सोडून गेली होती, ती कोणालाच सापडली नाहीत. त्यांची नावं मला पाठ आहेत.

मंजुरी आली तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या दुपारीच. सुनावणी संपली, आमची गाडी निघाली. शाळेच्या पायरीवर बाई बसल्या होत्या, मांडीवर पाटी, पाटीवर कोरा कागद. तो माणूस खालच्या पायरीवर उकिडवा बसून सांगत होता.

"तवा मी ल्हान व्हतो. आमी समदे तोडीला गेल्तो."

"कुन्या कारखान्याला?"

त्याने आठवायला आकाशाकडे बघितलं. बाई पेन उचलून थांबल्या. त्यांना घाई नव्हती.